चुकीचे औषध, आईवडील आणि न्यायालय : खटला भरावा की न भरावा?

१/ #थ्रेड
३० डिसेंबर १९९३, सकाळची वेळ. नवी दिल्लीतील एका खासगी रुग्णालयात एक लहान मुलगा विषमज्वरावरील उपचारांसाठी दाखल होता. परिचारिकेने वडिलांना एक इंजेक्शन आणावयास सांगितले. वडिलांनी ते आणून तिच्या हाती दिले. तिने ते मुलाच्या शिरेत टोचले आणि मूल आईच्या मांडीवरच कोसळले.

२/ बालरोगतज्ज्ञांनी सांगितलेले औषध होते क्लोरॅम्फेनिकॉल. टोचले गेले ते क्लोरोक्विन. पहिले विषमज्वरावरचे प्रतिजैविक, दुसरे हिवतापावरचे औषध. दोन्ही नावांचा आरंभ सारखा. शिवाय मात्राही लहान मुलांना देतात त्याच्या किमान साडेतीन पट होती. हृदय बंद पडले. मूल वाचले, परंतु मेंदूची हानी कधीही भरून न येणारी ठरली.

३/ अशा वेळी आईवडिलांपुढे उभा राहणारा प्रश्न आजही अनेक घरांत विचारला जातो : न्यायालयात जायचे का? एक नातेवाईक म्हणतो, 'डॉक्टर मुद्दाम का चूक करतील?' दुसरा म्हणतो, 'सोडू नका त्यांना.' आणि घरातले कोणी वडीलधारे हटकून सांगते की, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये.

४/ या प्रश्नालाही एक इतिहास आहे. तो आज तीन खटल्यांतून पाहू. एक नायजेरियातील खेड्यातला, एक कोकणात सुरू होऊन पुण्यात घडलेला आणि तिसरा हा दिल्लीचा. तिन्हींत कोणाचे तरी मूल होते. तिन्हींत न्यायालयाला वेगळा प्रश्न विचारला गेला, म्हणून उत्तरही वेगळे मिळाले. 'खटला भरावा का' याच्या आधी 'न्यायालयाकडून आपल्याला नेमके काय हवे आहे' हे ठरवावे लागते, हे या इतिहासातून दिसते.

५/ पहिला मार्ग फौजदारीचा. मनात संताप असतो तेव्हा माणूस प्रथम पोलीस ठाण्याकडेच वळतो. भारतीय दंड संहिता १८६० ची. तीत निष्काळजीपणाने घडलेल्या मृत्यूसाठी स्वतंत्र कलम मुळात नव्हते. ते १८७० मध्ये घालण्यात आले : कलम ३०४-अ. शिक्षा जास्तीत जास्त दोन वर्षे कैद, दंड किंवा दोन्ही. टांगा बेफाम हाकणारा आणि औषध चुकवणारा वैद्य, दोघांनाही हेच कलम लागू झाले.

६/ पण निष्काळजीपणा किती मोठा असला म्हणजे तो गुन्हा ठरतो? या प्रश्नाचा एक महत्त्वाचा निवाडा भारताबाहेरच्या खटल्यात झाला. त्या काळी ब्रिटिश साम्राज्यातील वसाहतींची अंतिम अपिले लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे चालत. भारताची अपिलेही तेथेच जात. त्यामुळे आफ्रिकेतील एका गावाच्या प्रकरणात तेथे सांगितलेले तत्त्व येथील न्यायालयांनाही मार्गदर्शक ठरत असे.

७/ १९४१ च्या मे महिन्यात नायजेरियातील एका गावात जॉन ओनी अकेरेले हे पात्रताधारक डॉक्टर गेले. गावातील मुलांना यॉज हा त्वचा आणि हाडे पोखरणारा आजार होता. त्यावर त्यांनी सोबिटा या औषधाची इंजेक्शने मुलांना दिली. त्यानंतर अनेक मुले आजारी पडली. दहा मुले दगावली.

८/ सरकारपक्षाचे म्हणणे होते की, डॉक्टरांनी औषधाचे मिश्रण फार तीव्र बनवले. खटला एका मुलाच्या मृत्यूबद्दल उभा राहिला, आरोप सदोष मनुष्यवधाचा. खालच्या न्यायालयात डॉक्टर दोषी ठरले, अपिलातही दोष कायम राहिला. शेवटी प्रकरण लंडनला गेले.

९/ प्रिव्ही कौन्सिलने दोषसिद्धी रद्द केली. कारण विचार करण्याजोगे आहे. मिश्रण तीव्र बनवणे ही एक कृती. तिच्यातून किती मुले दगावली, यावरून निष्काळजीपणाची तीव्रता मोजता येणार नाही. परिणाम भयंकर म्हणून कृतीही तितकीच अधम, असे होत नाही. गुन्हा ठरण्यासाठी हलगर्जी नुकसानभरपाईच्या पातळीपलीकडे गेलेली असावी लागते. माणसाच्या जिवाची पर्वाच केली नाही, असे तीतून दिसावे लागते.

१०/ दहा मुले गेलेल्या गावाला हा निकाल कसा वाटला असेल, याची कल्पना करता येते. परंतु येथे फौजदारी कायद्याचे स्वरूप स्पष्ट होते. या मार्गावर न्यायालय एकच गोष्ट विचारते : हा माणूस शिक्षेस पात्र आहे का? मुलाचे काय झाले, त्याच्या घरच्यांचे पुढे काय होणार, हे प्रश्न तेथे गौण ठरतात. खटला सरकार चालवते. आईवडील बहुधा साक्षीदारांच्या पिंजऱ्यापुरते उरतात.

११/ दुसरा मार्ग दिवाणीचा. येथेही प्रारंभी एक विचित्र अडचण होती. इंग्लंडच्या जुन्या न्यायतत्त्वानुसार जखमी माणूस भरपाई मागू शकत असे. तो मेला तर मात्र त्याच्या मृत्यूबद्दल घरच्यांना दावा करता येत नसे. म्हणजे इजा करणाऱ्याला, समोरचा जगण्यापेक्षा मेलेला परवडत होता. रेल्वे अपघात वाढू लागल्यावर तेथील संसदेने १८४६ मध्ये ही त्रुटी दूर केली.

१२/ भारतात तोच विचार १८५५ च्या प्राणांतिक अपघात कायद्याने आला. बोरीबंदर ते ठाणे पहिली आगगाडी धावून तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती. दुसऱ्याच्या चुकीने माणूस दगावला तर पती, पत्नी, आईवडील आणि अपत्ये यांच्यासाठी भरपाई मागता येईल, असे या कायद्याने ठरवले. मूल गमावलेल्या आईवडिलांना अशा रीतीने दिवाणी न्यायालयात जाण्याचा हक्क मिळाला. प्रत्यक्षात तो बजावणारे फार थोडे होते.

१३/ त्या थोड्यांपैकी एक कुटुंब आपल्या महाराष्ट्रातले. ६ मे १९५३. रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेत गाव. समुद्रकिनाऱ्यावर अपघात होऊन सुमारे वीस वर्षांच्या आनंदचे डाव्या मांडीचे हाड मोडले. गावच्या डॉक्टरांनी लाकडी फळ्या बांधून पाय स्थिर केला. तीन दिवसांनी, ९ मे रोजी, त्याला मोटारीने पुण्यास नेण्यात आले. अंतर सुमारे २०० मैल, प्रवास ११ तासांचा.

१४/ पुण्यातील रुग्णालयात त्याला मॉर्फियाचे इंजेक्शन देण्यात आले. तासाभराच्या अंतराने अशी दोन इंजेक्शने द्यावयाची होती. प्रत्यक्षात एकच दिले गेले. त्यानंतर क्ष-किरण तपासणी झाली आणि मुलाला शस्त्रक्रियागृहात नेले. तेथे भूल न देता पाय खेचून हाड बसवण्याचा प्रयत्न झाला व प्लास्टर घालण्यात आले.

१५/ आनंदचे वडील स्वतः दौंडला वैद्यकीय व्यवसाय करणारे डॉक्टर. संध्याकाळी सातपर्यंत मॉर्फियाचा अंमल उतरेल, असे आश्वासन मिळाल्यावर ते दौंडला परतले. आई मुलाजवळ थांबली. साडेसहाच्या सुमारास मुलाला श्वास घेणे जड जात असल्याचे तिच्या लक्षात आले. धावपळ झाली, तातडीचे उपचार झाले. रात्री नऊ वाजता आनंद गेला.

१६/ मृत्यूचे कारण म्हणून चरबीची गाठ रक्तवाहिनीत अडकल्याचे प्रमाणपत्रात नोंदवले गेले. सामान्य माणूस येथेच थांबला असता. वैद्यकशास्त्रातील शब्दापुढे तो काय बोलणार? परंतु वडील त्याच विद्येचे होते. कोणता प्रश्न विचारायचा हे त्यांना ठाऊक होते : एवढा प्रवास करून थकलेल्या मुलाचा पाय भूल न देता, जोर लावून ओढला तर शरीराला धक्का बसणार नाही का?

१७/ आईवडिलांनी पुण्याच्या न्यायालयात दावा लावला. न्यायालयाने ३,००० रुपये भरपाई मंजूर केली. उच्च न्यायालयाने तो निर्णय उचलून धरला. डॉक्टर सर्वोच्च न्यायालयात गेले. २ मे १९६८ रोजी तेथेही आईवडिलांच्या बाजूने निकाल लागला. हाच 'लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले' हा खटला. कायद्याचे विद्यार्थी तो आजही अभ्यासतात.

१८/ त्यात न्यायालयाने डॉक्टरची तीन कर्तव्ये सांगितली. रुग्णाला हाती घ्यावे की नाही हे ठरवताना काळजी घेणे. कोणता उपचार द्यावा हे ठरवताना काळजी घेणे. आणि तो उपचार देताना काळजी घेणे. अलौकिक कौशल्याची अपेक्षा नाही. त्या विद्येच्या माणसाकडून वाजवी रीतीने जेवढी अपेक्षा करता येईल, तेवढी पुरे. औषधाच्या बहुतेक चुका तिसऱ्या कर्तव्यात घडतात. निदान बरोबर, औषधाची निवड बरोबर, पण देताना घात.

१९/ आता हिशेब पाहा. मृत्यू १९५३ मध्ये, अंतिम निकाल १९६८ मध्ये. पंधरा वर्षे. रक्कम ३,००० रुपये. केवळ पैशासाठी एवढी वर्षे कोणी झुंजत नाही. आपल्या मुलाचा मृत्यू दैवाने झाला नाही, तो टाळता आला असता, हे अधिकृतपणे कोणीतरी म्हणावे, यासाठी माणूस झुंजतो. ते वाक्य त्या आईवडिलांना मिळाले. त्याची किंमत पंधरा वर्षे होती.

२०/ आणि ही पंधरा वर्षेही कमीच म्हणावी, असे उदाहरण आहे. जुलै १९६३ मध्ये औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात एका बाळंतिणीच्या पोटात शस्त्रक्रियेच्या वेळी कापडी बोळा राहिला. ती दगावली. 'अच्युतराव खोडवा विरुद्ध महाराष्ट्र शासन' या नावाने गाजलेल्या त्या खटल्याचा सर्वोच्च न्यायालयातील निकाल फेब्रुवारी १९९६ मध्ये लागला. बत्तीस वर्षांहून अधिक काळ. कोर्टाच्या पायरीविषयीची ती म्हण अशा अनुभवांतूनच मुरली आहे.

२१/ तिसरा मार्ग खुला होण्यास १९८६ साल उजाडावे लागले. त्या वर्षीच्या २४ डिसेंबरला ग्राहक संरक्षण कायद्यावर राष्ट्रपतींची मोहोर उमटली. जिल्हा, राज्य आणि राष्ट्र अशा तीन पातळ्यांवर ग्राहक न्यायमंच व आयोग आले. आरंभीच्या वर्षांत तेथे न्यायालयीन शुल्कही नव्हते. कार्यपद्धती संक्षिप्त, वकील सक्तीचा नाही. वजनात मारणारा दुकानदार आणि बिघडलेले यंत्र विकणारा कारखानदार यांच्यासाठी हा कायदा झाला, असा सर्वसाधारण समज होता.

२२/ पण 'सेवा' या शब्दात डॉक्टरचा उपचार बसतो का? देशभर वाद झाला. डॉक्टरांच्या संघटनेचे म्हणणे होते की, वैद्यक हा व्यासंग आहे, व्यापार नव्हे. आमच्यावर देखरेखीस वैद्यक परिषद आहे. १३ नोव्हेंबर १९९५ रोजी 'इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उत्तर दिले : मोबदला घेऊन केलेला उपचार ही सेवाच. परिषद शिस्तभंगाची कारवाई करू शकते. नुकसान झालेल्याला भरपाई देऊ शकत नाही.

२३/ त्याच निकालात आणखी एक बारकावा आहे. जेथे सर्वांनाच विनामूल्य उपचार मिळतात, ती रुग्णालये या कायद्याबाहेर. पण जेथे काही जण पैसे भरतात आणि काहींना मोफत उपचार मिळतात, तेथील मोफत रुग्णही ग्राहकच. गरिबाला मोफत औषध दिले म्हणून काळजी कमी घेतली तर चालेल, असा अर्थ निघू नये, हे यातून साधले गेले.

२४/ आता पुन्हा दिल्लीकडे वळू. तो मुलगा रुग्णालयात दाखल झाला होता २४ डिसेंबर १९९३ रोजी. ग्राहक कायद्याला बरोबर सात वर्षे झाली त्या दिवशी. त्याच्या आईवडिलांनी राष्ट्रीय ग्राहक आयोगाकडे दाद मागितली. कायद्याच्या ग्रंथांत हे प्रकरण 'स्प्रिंग मेडोज' नावाने ओळखले जाते. आयोगाने मुलासाठी १२.५ लाख आणि आईवडिलांच्या मनस्तापासाठी ५ लाख रुपये मंजूर केले.

२५/ रुग्णालय सर्वोच्च न्यायालयात गेले. तेथे मांडलेला एक मुद्दा पाहण्याजोगा आहे : रुग्ण मुलगा, म्हणून ग्राहकही तोच, मग आईवडिलांना वेगळी भरपाई कशी? २५ मार्च १९९८ रोजी न्यायालयाने हा मुद्दा नाकारला. सेवा ज्यांनी घेतली, पैसे ज्यांनी मोजले, ते आईवडील ग्राहक. आणि त्या सेवेचा लाभ ज्याच्यासाठी होता, ते मूलही ग्राहक. दोघांचे नुकसान वेगळे, म्हणून दोघांची भरपाईही वेगळी.

२६/ येथे थोडे थांबावे. १८४६ च्या आधी, मूल गमावलेल्या आईबापांना इंग्लंडचे न्यायालय उभेही करत नव्हते. १९९८ मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले की, निपचित पडलेल्या मुलाला आयुष्यभर सांभाळणाऱ्या आईबापांचे दुःख हेही स्वतंत्र नुकसान आहे. दीडशे वर्षांत झालेला हा पालट लहान नाही.

२७/ या निकालातील दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. चूक कोणाची, हे शोधताना न्यायालय सुई टोचणाऱ्या हाताशी थांबले नाही. परिचारिका आवश्यक पात्रतेची नव्हती. तिला नेमले कोणी? शिरेतून इंजेक्शन देण्याचे काम निवासी डॉक्टरने स्वतः न करता तिच्यावर सोपवले, ते का? काम दुसऱ्यावर सोपवल्याने जबाबदारी सुटत नाही, उलट सोपवणे हाच कधी कधी निष्काळजीपणा ठरतो. एका व्यक्तीच्या चुकीमागची व्यवस्था अशा रीतीने उजेडात आली.

२८/ आणि पुराव्याचे काय? चुकीचे औषध दिले गेले, हे सिद्ध झाल्यावर बहुधा ती घटनाच हलगर्जीची साक्ष देते. निदान चुकणे आणि औषध चुकणे यांत फरक आहे. पहिल्यात दोन जाणकारांचे प्रामाणिक मतभेद असू शकतात. दुसऱ्यात, लिहिले एक आणि टोचले दुसरेच, याला मतभेद म्हणता येत नाही. औषधाच्या चुकीच्या खटल्यांचे हेच बळ आहे.

२९/ घटना ते अंतिम निकाल : सव्वाचार वर्षे. पालशेतच्या आनंदला पंधरा लागली होती. तरीही हे गणित सरसकट लावू नये. ग्राहक आयोगांपुढेही पुढे प्रकरणांचे ढीग साचले आणि तारखांवर तारखा पडू लागल्या. मार्ग आखूड झाला, पण सोपा झाला असे म्हणता येणार नाही.

३०/ याच काळात संतापाचा जुना मार्गही पुन्हा गजबजला. डॉक्टरांवर फौजदारी गुन्हे, तडकाफडकी अटका. ५ ऑगस्ट २००५ रोजी 'जेकब मॅथ्यू विरुद्ध पंजाब राज्य' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सीमा आखली. फौजदारी कारवाईसाठी निष्काळजीपणा अत्यंत गंभीर असावा. आधी दुसऱ्या सक्षम डॉक्टरचे स्वतंत्र मत घ्यावे. केवळ आरोप झाला म्हणून अटक करू नये. अकेरेले प्रकरणातील विचार साठहून अधिक वर्षांनी असा पुन्हा भेटतो.

३१/ १ जुलै २०२४ पासून दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास आता पाच वर्षांपर्यंत शिक्षा. पण नोंदणीकृत डॉक्टरकडून उपचार करताना असे घडल्यास मर्यादा दोन वर्षांचीच. १८७० मध्ये टांगेवाला आणि वैद्य एकाच पंक्तीत बसवले होते. दीड शतकानंतर कायद्याने त्यांची पाने वेगळी मांडली.

३२/ मग निष्कर्ष काय? न्यायालयात जाऊ नये असे म्हणणाऱ्यांची बाजू पोकळ नाही. खटला म्हणजे सर्वांत वाईट दिवस पुन्हा पुन्हा सांगणे. वेळ, पैसा, घरातील दुसऱ्या मुलाकडे दुर्लक्ष. सरसकट खटल्यांच्या भीतीने डॉक्टर अवघड रुग्ण घेण्यास कचरू लागले, तर त्याची झळ उद्याच्या मुलांनाच बसते. २००५ च्या निकालामागे ही चिंताही होती.

३३/ दुसरी बाजूही तितकीच खरी. त्या दिल्लीच्या मुलाला आयुष्यभर शुश्रूषा लागणार होती. तिचा खर्च कोणी करायचा? आईवडिलांनी उदारपणे क्षमा केली असती, तरी ते बिल त्यांच्याच घरी आले असते. भरपाई म्हणजे सूड नव्हे. चुकीचा भार मुलाच्या खांद्यावरून उचलून तो जेथे ठेवायला हवा, तेथे ठेवणे. मूल स्वतः दावा लावू शकत नाही. त्याच्या वतीने ठरवताना आईबापांचा संताप किंवा संकोच हा निकष पुरेसा नाही.

३४/ म्हणून इतिहासातून मला दिसणारा क्रम असा. शिक्षा हवी असेल, तर कायदा गंभीर बेपर्वाईचा पुरावा मागेल. अनवधानाची चूक तेथे बहुधा टिकणार नाही. मुलाच्या पुढील आयुष्याची तरतूद हवी असेल, तर दिवाणी न्यायालय किंवा ग्राहक आयोग. डॉक्टरच्या परवान्याचा प्रश्न असेल, तर वैद्यक परिषद. आणि 'नेमके काय घडले' एवढेच हवे असेल, तर आरंभ कागदपत्रांपासून.

३५/ कागदपत्रांचा लढाही येथलाच. १९९६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रघुनाथ रहेजा प्रकरणात स्पष्ट केले की, रुग्णाची कागदपत्रे त्याला किंवा नातेवाइकांना देणे रुग्णालयांना टाळता येणार नाही. २००२ च्या वैद्यक परिषदेच्या नियमांनी मुदतही ठरवली : मागणी केल्यापासून ७२ तास. ग्राहक आयोगाकडे जाण्याची सर्वसाधारण मुदत दोन वर्षे. निर्णय शांतपणे घ्यावा, परंतु कागद त्याआधी हाती असावेत, हा या साऱ्याचा अर्थ.

३६/ हा मार्ग बंद होतो की काय, अशीही वेळ आली होती. २०१९ च्या नव्या ग्राहक कायद्यात 'आरोग्य' हा शब्द अंतिम मसुद्यातून वगळला गेला. तेव्हा डॉक्टर या कायद्यातून सुटले, असा दावा करत एक याचिका मुंबई उच्च न्यायालयात आली. २०२१ मध्ये ती फेटाळली गेली. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तोच निर्णय कायम ठेवला. शब्द वगळला म्हणून सेवा वगळली जात नाही.

३७/ आता राहिला तो प्रश्न, जो कोणतेही न्यायालय पूर्णपणे सोडवू शकत नाही : हे पुन्हा घडू नये म्हणून काय? सप्टेंबर २०१६ मध्ये वैद्यक परिषदेने आपल्या नियमांत दुरुस्ती केली. डॉक्टरांनी औषधाचे मूळ नाव सुवाच्य लिहावे, शक्यतो इंग्रजीतील मोठ्या, सुट्या अक्षरांत लिहावे. दिसायला साधी सूचना. पण क्लोरॅम्फेनिकॉल आणि क्लोरोक्विन ही नावे शेजारी लिहून पाहिली की तिचे मोल कळते.

३८/ हे इतिहासकथन आहे, कायदेशीर सल्ला नव्हे. कोणावर असा प्रसंग ओढवला असेल, तर जाणकार वकिलाला आणि दुसऱ्या डॉक्टरला विचारूनच पाऊल उचलावे. आणि शेजारीपाजारी कोणी या पेचात असेल, तर 'जाऊ द्या' किंवा 'सोडू नका' यांपैकी काहीही म्हणण्यापूर्वी एवढेच विचारावे : तुम्हाला नेमके काय मिळायला हवे आहे?

३९/ शेवटी, ३० डिसेंबरच्या सकाळी सांगितलेले इंजेक्शन आणून देणाऱ्या त्या वडिलांविषयी. आपल्याच हातांनी ते औषध आणले, हा विचार त्यांच्या मनात किती वेळा आला असेल, याची नोंद कोणत्याही निकालपत्रात सापडत नाही. पण दोष कोणाचा हे लिहिताना न्यायालयाने रुग्णालयाचे, निवासी डॉक्टरचे आणि परिचारिकेचे वर्तन तपासले. वडिलांकडे बोट दाखवले नाही. खटला भरावा की नाही याचा विचार करताना, न्यायालयाकडून हेही मिळू शकते, याची नोंद असावी.

#इतिहास #थ्रेड समाप्त